अंगठा देणार नाही

शार्दूल परुळेकर आमच्या अंगणात आला तेव्हा आई दहाही बोटं उन्हात पसरून बसली होती. लोक मिरच्या वाळत घालतात, तशी आईने बोटं घातली होती.

“मावशी, हे काय करताय?”

“बोटां शेकतंय रे बाबा,” म्हणत आई लगबगीने उठली. डोक्यावरचा पदर तिने मनगटानेच सारखा केला. बोटं कशाला लागू द्यायची नाहीत, हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं. “येवा, बसा. दर्शना, चटई हाड गो.”

शार्दूलच्या मागे केदार होता, गळ्यात कॅमेरा अडकवलेला. दोघेही माझ्याच कॉलेजातले, शेवटच्या वर्षाचे. मी पहिल्या वर्षाला. आमच्या वाडीत कॉलेजातलं कुणी कधी पाऊल टाकत नसे, त्यामुळे मला इतका आनंद झाला की मी चटई उलटी अंथरली.

“मावशी, दर्शना म्हणते, ओल्या काजूगरांची उसळ खावी तर तुमच्या हातची.”

मी असं कधी म्हटलं नव्हतं. पण तो इतक्या खात्रीने बोलला की मला वाटलं, म्हटलंही असेन.

आई लाजली. “तेच्यात काय मोठां,” म्हणाली. मग तिचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं आणि ती थांबली.

ती का थांबली हे कळायला तिच्या बोटांची हकिकत आधी सांगायला हवी.

आई काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायला जायची. काजूच्या टरफलात चीक असतो आणि तो कातडी खातो. बायका हाताला खोबरेल चोळतात, वरून राख लावतात, पण दिवसभर फोडत बसायचं म्हटल्यावर तेल आणि राख कुठवर पुरणार? सगळ्याजणींची बोटं काळी पडलेली आणि टोकांना गुळगुळीत झालेली. लहानपणी आई माझा गाल कुरवाळायची तेव्हा कुणी लाकडी डाव फिरवतंय असं वाटायचं. मला वाटायचं, सगळ्या आयांचे हात असेच असतात.

बाबा मी सहावीत असताना गोव्याला गेले आणि तिकडेच दुसरीबरोबर राहिले. जाताना त्यांनी काही नेलं नाही, पण आमच्यासाठीही काही ठेवलं नाही. आमची नावं एकत्र कुटुंबाच्या रेशनकार्डावर होती आणि ते कार्ड बाबांच्या थोरल्या भावाच्या, बाबलीकाकाच्या ताब्यात होतं. रेशनचे तांदूळ तो आणायचा. आमच्या वाटणीचे आईने दर महिन्याला त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाऊन मागायचे, अशी रीत पडली होती. द्यायचे तर गुमान द्यावेत, पण तो बाबलीकाका कसला! खळ्यात चार माणसं बसलेली असली म्हणजे त्याला जास्तच चेव यायचा.

“घोव गेलो, पण भूक काय गेली नाय तुझी,” असं तो मोठ्याने म्हणायचा आणि पायलीत तांदूळ ओतता ओतता हात आखडता घ्यायचा. माणसं हसायची. आई मान खाली घालून पिशवीचं तोंड उघडं धरायची. घरी आल्यावर ती तांदूळ डब्यात ओतायची आणि त्या दिवशी त्यातला दाणाही शिजवायची नाही. आम्ही नाचणीची पेज प्यायचो.

तहसील कचेरीतल्या एका बाईंनी तिला सांगितलं, नवरा सोडून गेलाय ना, मग स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड वेगळं काढा. त्यासाठी आधी ते नवीन ओळखपत्र हवं. राष्ट्रीय ओळखपत्र तेव्हा नुकतंच निघालं होतं. फोटो द्यायचा, दहा बोटांचे ठसे द्यायचे, मग माणसाला नंबर मिळायचा. आई पहिल्या शिबिराला गेली. मशीनने तिचं एकही बोट घेतलं नाही. मशीनवरचा माणूस म्हणाला, “काजूचं काम दोन महिने बंद ठेवा. कातडी नवी आली की पुढच्या शिबिराला या.”

बोलणाऱ्याचं काय जातं! पण आईने खरंच बंद ठेवलं. संक्रांत झाली आणि तिने कारखाना सोडला. गावातल्या गुरवांच्या म्हशी रानात न्यायला लागली, कारण म्हशींमागे हिंडायला बोटं लागत नाहीत. धुणं, भांडी, सारवण, सगळं मी करू लागले. तिने विहिरीचा दोरही ओढला नाही. रोज दुपारी भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, ती वाटीत वितळवायची, एकेका बोटाला चोळायची आणि उन्हात बसायची. वाडीतल्या बायका चेष्टा करायच्या, “सत्यवती, बोटांचां लगीन ठरवलंस काय गो?” आई पण हसायची. मला वाटतं, त्या दोन महिन्यांत ती जितकी हसली तितकी त्याआधी कधी हसली नव्हती.

एक दिवस मी कॉलेजच्या ऑफिसातून शिक्क्याची गादी मागून आणली. आईचा अंगठा तिच्यावर दाबला आणि वहीच्या मागच्या पानावर टेकवला. पुसट, पण रेघा उमटल्या. भाताच्या लावणीसारख्या, एकीमागून एक, वळण घेत गेलेल्या. आईने पान उजेडात धरलं.

“गो, ह्यां माझांच बोट?”

“तुझांच.”

तिने मग एकेक बोट करत दहाही उमटवली. करंगळीला आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिला हात रिकामा नव्हता, शाईच शाई झाली होती. मीच पुसलं. शिबिर आठवड्यावर आलं होतं, आमच्याच मराठी शाळेत.

ही झाली घरातली बाजू. कॉलेजात मी याच ओळखपत्राच्या विरुद्ध घोषणा देत होते.

हसू नका. शार्दूलचं भाषण तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हीही दिल्या असत्या. वकिलाचा मुलगा, आवाज खणखणीत, अंगात खादीचा झब्बा. कॉलेजच्या मागच्या चहाच्या टपरीवर तो बोलायला लागला की टपरीवाला स्टोव्ह बारीक करायचा. “गुरांच्या कानात बिल्ला मारतात, तसा आपल्याला नंबर मारतायत,” तो म्हणायचा. “आज तांदळासाठी मागतील, उद्या एसटीत चढायला मागतील, परवा कुठल्या सभेला गेला होतात ते विचारतील. आपल्या बोटाचा ठसा चोराचा घेतात तसा का घ्यायचा? आपण काय चोरी केलीय?” आम्ही पंधरा-वीस पोरं होतो. गेरूने भिंती रंगवल्या: अंगठा देणार नाही. आठवडाबाजारात पत्रकं वाटली, सह्या गोळा केल्या. एसटी स्टँडवर पथनाट्य केलं. त्यात मी मशीन झाले होते. डोक्यावर खोकं घालून “पुन्हा अंगठा द्या, पुन्हा अंगठा द्या” असं ओरडायचे, आणि लोक पोट धरून हसायचे.

मला त्याचं सगळं पटलं होतं. त्यातलं बरंचसं आजही पटतं, आणि हीच पंचाईत आहे.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तेंका नको तर नको. माका व्हयां.” मग मी शार्दूललाही सांगून टाकलं. आपण शिबिराला टाळं ठोकणार आहोत, पण त्याआधी माझ्या आईचं कार्ड होऊ द्या.

“अगं, विचारायचं काय त्यात?” तो म्हणाला. “आपला विरोध सक्तीला आहे, तुझ्या आईला नाही. तिचं होऊ दे, मग ठोकू टाळं. शब्द.”

मग त्याने आईविषयी विचारलं. काम का सोडलं, बोटांना काय लावते, ठसे खरंच परत आले का, सगळे आले का. इतक्या आपुलकीने आमच्या घरची चौकशी कुणी केली नव्हती. मी शिक्क्याच्या गादीचीही गंमत सांगितली. तो हसला नाही. गंभीर होऊन ऐकत राहिला.

त्या दिवसांत तो काजू कारखान्यातल्या बायकांना भेटायला जात होता. ज्यांचे ठसे उमटत नाहीत अशा बाईचा फोटो आणि हकिकत त्याला पेपरात छापून आणायची होती. अशा बाया शेकड्यांनी होत्या. पण कारखान्याच्या मालकाने दम भरला होता, जिचा फोटो पेपरात येईल तिने दुसऱ्या दिवशी कामाला येऊ नये. एकही बाई पुढे आली नाही. शार्दूल हात हलवत परत आला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

आणि मग तो आमच्या अंगणात आला. शिबिर परवावर होतं.

“आई, मी फोडतंय काजू,” मी म्हटलं.

“तू नको,” शार्दूल म्हणाला. “मावशीच फोडू देत. केदारला दोन फोटो काढायचेत. कोकणातली बाई ओले काजू फोडतेय, एवढंच. तुझे हात कॉलेजातले दिसतात गं.”

केदार हसला. मला ते कौतुक वाटलं.

“फोटो कित्याक रे?” आईने विचारलं.

“आमच्या कॉलेजच्या अंकात. आणि मावशी, परवा मी शाळेत असणार आहे. साहेबांशी बोलून ठेवतो. रांगेत तुमचा नंबर पहिला. उन्हात ताटकळत राहायला नको.”

आईचा चेहरा उजळला. रांगेत पहिला नंबर कुणी देऊ करावा, असं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

“आई, नको,” मी हळूच म्हटलं. “परवा शिबिर आसा.”

“मूठभर तर फोडूचे आसत. काय होवचां नाय,” ती म्हणाली. “पावण्यांक नाय कसां म्हणूचां? आडाळो हाड.”

मी विळी आणली. घरामागच्या झाडाच्या हिरव्या बिया टोपलीत होत्या, शेजारणीला द्यायच्या म्हणून मीच सकाळी पाडलेल्या. ओल्या बीचा चीक सुक्या बीपेक्षा जहाल. आईने खोबरेलाच्या बाटलीकडे हात नेला.

“तेल नको हं मावशी,” शार्दूल म्हणाला. “फोटोत हात चकाकतात. कोरडेच राहू देत. तुम्ही नेहमी करता तसंच करा.”

नेहमी ती तेल लावूनच करायची. आई माझ्याकडे पाहून हसली, पाहुण्यांना काय कळतंय असं, आणि विळीवर बसली.

पहिली बी चिरली. केदारने फोटो काढला. मग म्हणाला, सूर्य पाठीमागे आलाय. आईने जागा बदलली. दुसरी चिरली, तिसरी चिरली. केदार जमिनीवर आडवा पडून फोटो काढत होता. “मावशी, गर बोटांनी काढा ना, काटकीने नको. हां, असं. बोटं दिसू देत.” आईने बोटांनी गर काढले. चीक बोटांवरून तळहातावर ओघळत होता. “अजून थोड्या,” शार्दूल म्हणाला, “चौघांना उसळ व्हायला हवी ना.” टोपली अर्धी झाली. मग पाऊण झाली.

“पुरे आता,” मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण शार्दूलने माझ्याकडे चमकून पाहिलं.

“किती काळजी घेते बघा तुमची,” तो आईला म्हणाला. “मावशी, शेवटचा एक. दोन्ही हात असे समोर धरा.”

आईने धरले. चिकाने माखलेले, बोटं फाकलेली.

उसळ झाली. मीच केली, कारण आईला डाव धरवत नव्हता. दोघांनी दोनदा मागून घेतली. शार्दूलने पानातला शेवटचा गर बोटाने निपटून खाल्ला आणि म्हणाला, “मावशी, अशी उसळ आयुष्यात खाल्ली नाही.” आई दाराआड उभी राहून हातांवर फुंकर घालत होती आणि हसत होती.

ते गेल्यावर आम्ही भिरंडेल चोळलं, चिंचेच्या पाण्याने धुतलं, परत चोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटांची टोकं काळी पडली होती आणि कडेने कातडी उचलली जात होती. संध्याकाळपर्यंत अंगठ्याची साल सुटली. आई म्हणाली, “आत नवी आसतली. रेघो आतसून येतत.”

शिबिराला ती लग्नातली हिरवी साडी नेसून गेली. फोटो काढतात ना, म्हणून. रांग शाळेच्या फाटकापर्यंत होती. शार्दूल फाटकातच उभा होता आणि त्याने दिलेला शब्द पाळला. “ह्या मावशींना पुढे जाऊ द्या,” असं सगळ्यांना हात जोडून सांगत त्याने आईला थेट टेबलापाशी नेलं.

मशीनवर घाटावरचा एक पोरसवदा माणूस होता. “मावशी, चार बोटं ठेवा. दाबा. उचला. परत.” काचेखालचा लाल दिवा लागत होता आणि विझत होता. “हात धुऊन या.” आई धुऊन आली. “परत. जरा दाबा की.” आईने दाबलं आणि ती कळवळली. सुटलेल्या सालीचा एक तुकडा काचेला चिकटून राहिला. त्या माणसाने तो रुमालाने पुसला आणि तोंड वाकडं केलं.

“मावशी, ह्या बोटांना काही नाही. गुळगुळीत आहेत.”

“परवापर्यंत होत्यो हो रेघो. माझ्या चेडवान बघितल्यान,” आईने माझ्याकडे हात केला.

“होत्या तर गेल्या कुठं? माहेरी?”

रांगेतली माणसं हसली. माझ्या ओळखीची माणसं, शेजारपाजारची. आईसुद्धा त्यांच्याबरोबर थोडं हसली, तसं हसल्याने तो अजून एकदा प्रयत्न करील म्हणून. त्याने केला. दिवा लाल.

“पुढचे,” तो म्हणाला.

तेवढ्यात शार्दूल टेबलासमोर आला. त्याच्यामागे केदार, त्याच्यामागे आमची सगळी पोरं. “बघा!” तो ओरडला. “बघा ही बाई! हिने आयुष्यभर कष्ट केले, त्या कष्टांनी हिचे ठसे पुसले, आणि हे सरकार म्हणतं, ही बाईच नाही! मावशी, हात वर करा. सगळ्यांना दिसू देत.”

आईने हात वर केले. तिला वाटलं, हा सांगत होता तो साहेब कुठेतरी मागे उभा असणार, त्याला दाखवायचे आहेत. हात वर धरूनच ती शार्दूलला विचारत होती, “आता होतलां मा, बाबा? आता होतलां मा?”

केदारने फोटो काढला. पोरांनी घोषणा दिली, अंगठा देणार नाही. त्या गर्दीत आईचा प्रश्न कुणाला ऐकू गेला नाही. मशीनवाल्याने लॅपटॉप मिटला, टेबलं उलटली, शाळेला टाळं लागलं. रांगेतले लोक शिव्या देत घरी गेले.

मी शार्दूलला शाळेमागच्या टाकीपाशी गाठलं. तो तोंडावर पाणी मारत होता.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. तेवढं मी त्याच्या बाजूने सांगते.

“कारखान्यातली एकही बाई तयार नव्हती, दर्शना. नोकरी जाईल म्हणून. तुझी आई एकटीच अशी होती की जिला कुणी काढून टाकणार नव्हतं.”

“तिने बोटांसाठी नोकरी सोडली होती!”

“तेच सांगतोय. ती बोटं घेऊन ती आज आत गेली असती आणि ठसे उमटले असते, तर तहसीलदाराने तिलाच पुढे केलं असतं. बघा, दोन महिने काम बंद ठेवलं की होतं! मग प्रत्येक बाईला त्याने तेच सांगितलं असतं. दोन महिने उपाशी राहा आणि या. तुला हे हवं होतं?”

मी विचार केला. तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. त्यामुळेच मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

“तिला विचारलं असतंस,” मी म्हटलं.

“ती हो म्हणाली असती?”

“नाही.”

“मग?” त्याने झब्ब्याच्या टोकाला तोंड पुसलं. “कातडी काय, पुन्हा येईल गं. मोठ्या गोष्टीत एवढं तेवढं होतं.” आणि माझ्या खांद्यावर थोपटून तो गेला, कारण पलीकडे पोरं त्याला खांद्यावर घ्यायला थांबली होती.

फोटो पेपरात पहिल्या पानावर आला. हिरवी साडी, वर केलेले दोन हात, खाली मोठ्या अक्षरांत ‘ही बाई कोण?’ मुंबईच्या एका पेपरानेही तो घेतला. तालुक्यातली शिबिरं थांबली. कॉलेजात सत्कार झाला. शार्दूल भाषणात म्हणाला की हा विजय सत्यवतीबाईंच्या हातांचा आहे, आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. मी पाठच्या दाराने बाहेर पडले आणि परत त्या टपरीवर कधी गेले नाही.

आई आठवडाभराने कारखान्यावर गेली. बोटं आता गेलीच होती, मग काम तरी करावं. मालकाने टेबलावरचा पेपर तिच्यासमोर सरकवला. “फोटो काढणाऱ्यांकडेच जा आता कामाला,” म्हणाला. आई म्हणाली, फोटो कॉलेजच्या अंकासाठी होता. त्यावर तिथला मुकादम इतका हसला की त्याला ठसका लागला.

कचेरीत गेलो तर त्या जुन्या बाई बदलून गेल्या होत्या. नव्या साहेबांनी आमच्या वाडीचं नाव ऐकलं आणि हात झटकले. तुम्हीच टाळं ठोकलंत ना? मग आता कुठलं शिबिर मागताय? तुमच्या गावाचा विरोध आहे अशी नोंद झालीय. आई त्यांना सांगत राहिली, “माझो नाय हो विरोध. माका व्हयां.” त्यांनी शिपायाला बोलावलं.

महिना संपला. नाचणी संपली. म्हशी गुरवांनी विकल्या होत्या. आईने पिशवी घेतली आणि मी तिच्याबरोबर गेले.

बाबलीकाका खळ्यात खाटेवर बसला होता. सुपारी खायला आलेली चार माणसं आजूबाजूला होती. आम्हाला पाहिल्याबरोबर तो उठून आत गेला. मला वाटलं, तांदूळ आणायला गेला. तो पेपर घेऊन आला. जपून ठेवला होता, घडी न मोडता.

“इली बघा आमची पेपरातली बाय,” तो म्हणाला. पेपर त्याने माणसांना फिरवून दाखवला. “मुंबैच्या लोकांक हात दाखवता. आमका कधी दाखवल्यान नाय.”

“भावजी, तांदूळ,” आई म्हणाली.

“देतंय गो, देतंय. पयला हात वर कर बघू. फोटोत केलंस तशे.”

बसलेल्यांतल्या एकाने, मला वाटतं आमच्या वाडीतल्या दत्तारामने, “बाबली, जाऊ दे” असं काहीसं म्हटलं. बाबलीकाका खाटेवर बसला, पायली मांडीवर घेतली आणि वाट पाहू लागला. त्याला घाई नव्हती.

“आई, चल,” मी म्हटलं. “चल घराक.”

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पिशवी पायाशी ठेवली आणि हात वर केले.

“अजून वर. थय कशे केलेलंस?”

तिने अजून वर केले. पदर डोक्यावरून घसरला, तो सावरायला हात खाली आणावा की नाही हे तिला कळेना. काळ्या, सोललेल्या बोटांकडे पाहून काकाच्या बायकोने आतून पदराचा बोळा तोंडात धरला. काका पोटभर हसला आणि मग त्याने पायली भरली. मापात काही कमी केलं नाही. त्या दिवशी त्याने शीग लावून दिले.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, उपाशी मरू, पण तिथे परत जायचं नाही. त्या दिवशी तिने त्यातलेच तांदूळ शिजवले.

पुढच्या महिन्यात आम्ही परत गेलो. काका खाटेवर एकटाच डोळे मिटून पडला होता. आमची चाहूल लागून त्याने डोळे उघडले आणि पायली घ्यायला वाकला. तो काही बोलायच्या आत आईने पिशवी खाली ठेवली आणि हात वर केले.